पप्पा डबक्यात

आमच्या पिपाणीचा आवाज रस्त्याच्या त्या टोकापर्यंत जातो. ती माझ्या दादाची मुलगी, वय आठ, आणि पिपाणी हे नाव मीच ठेवलं. घराच्या पुढच्या खोलीत माझं शिवणकाम चालतं, त्यामुळे त्या आवाजाचा पहिला मार माझ्या कानांना बसतो. मैदानावर ती गोल सांभाळते. गोलात उभी राहून ती एकदा का “माझा, माझा” असं ओरडली की समोरच्या संघातल्या मुली चेंडू खरोखरच सोडून देतात.

अशी ही मुलगी पाढे म्हणायला उभी केली की मुकी व्हायची. दोनचा आणि तीनचा पाढा कसाबसा गळी उतरला होता. चारचं नाव काढलं की तोंडाला कुलूप. मग तिच्या पोटात दुखायचं, पायाला मुंग्या यायच्या, आणि पलंगाखाली काहीतरी अत्यंत महत्त्वाचं शोधायचं असायचं.

शाळेतल्या बाईंनी निरोप पाठवला. सत्राच्या शेवटी तोंडी परीक्षा, सहापर्यंतचे पाढे आले पाहिजेत, नाहीतर शनिवारी सकाळी जादा तास. आता शनिवारी सकाळीच सामने असतात. म्हणजे पिपाणी वर्गात चारचा पाढा घोटत बसणार आणि गोलात दुसरंच कुणीतरी उभं राहणार. मी तिला जुन्या कोटाच्या अस्तराचे, आत कापूस भरलेले जाडजूड हातमोजे शिवून दिले होते. निरोप आला त्या दिवशी तिने ते उशीखाली घेतले आणि त्यांच्यावर झोपली. दुसऱ्या कुणी घालू नयेत म्हणून, असं तिने सांगितलं. मला फार वाईट वाटलं, पण माझं स्वतःचं गणित मोजपट्टीच्या पलीकडे कधी गेलं नाही, त्यामुळे मी गप्प बसले.

वहिनी औषधांच्या दुकानात काम करते. तिथे कुठल्याशा मासिकात तिने वाचलं की मुलांना गणित घरच्या घरी, खेळता खेळता शिकवावं. झालं, दुसऱ्या दिवसापासून घरात एक वस्तू धड राहिली नाही. जेवताना वहिनीने पिपाणीच्या ताटात वाटाण्यांचे पाच ढीग केले, प्रत्येकात चार, आणि विचारलं, एकूण किती. पिपाणी विचार करता करता दोन ढीग खाऊन मोकळी झाली आणि म्हणाली, “बारा.” उत्तर बरोबर होतं, प्रश्न तेवढा पोटात गेला होता. मग मोज्यांच्या जोड्या लावायचा खेळ निघाला. त्यात एवढंच सिद्ध झालं की दादाचा एकही मोजा दुसऱ्या मोज्याशी जुळत नाही.

आणि या सगळ्यात खरी अडचण दादाच होता. दादा लिफ्ट दुरुस्त करतो. कामात हुशार, स्वभावाने मऊ, पण खेळायला बसला की त्याच्या अंगात येतं. लहानपणी तो हरायला लागला की त्याचा गुडघा नेमका पटाला लागायचा आणि सोंगट्या सगळीकडे उधळायच्या. “चुकून लागला गं,” म्हणायचा. मोठा झाला तरी गुडघा सुधारला नाही. वहिनीच्या सांगण्यावरून तो पोटच्या पोरीशी आकड्यांचे पत्ते खेळला, तिला हरवलं, आणि वर हात उंचावून खोलीला एक फेरी मारली. पिपाणीने पत्ते खिडकीतून खाली टाकले. पुढचा अर्धा तास दादा रस्त्यावर पत्ते गोळा करत होता.

“अरे, आठ वर्षांच्या पोरीला हरवून छाती कसली फुगवतोस?” मी विचारलं.

“उद्या जग तिला फुकट जिंकू देणार आहे का?” दादा म्हणाला.

जगाचं माहीत नाही, पण याला तिला जिंकू द्यायचं नव्हतं हे उघड होतं.

शेवटी दादानेच एक खेळ आणला. लिफ्टच्या यंत्राच्या खोलीत सुट्या भागाची वाट बघत बसावं लागतं, तेव्हा तिथले लोक नट-बोल्ट घेऊन हा खेळ खेळतात. दादाच्या म्हणण्याप्रमाणे तिथे त्याला हरवणारा अजून जन्मायचा होता. आम्ही नटांऐवजी माझी बटणं घेतली. मूठ-दोन मुठी बटणं टेबलावर ओतायची, त्यात एक मोठं लाल, कोटाचं बटण. पाळीपाळीने बटणं उचलायची, एका वेळी एक, दोन किंवा तीन. लाल बटण सगळ्यांत शेवटी. ते ज्याच्या हाती येईल तो जिंकला.

“आणि जो हरेल तो भांडी घासेल,” वहिनी म्हणाली. इतकी वर्षं तीच घासत होती, तेव्हा या नियमाला विरोध करायची कुणाची हिंमत झाली नाही.

मग काय, पिपाणी रोज हरायची. ती हावरटासारखी दर वेळी तीन-तीन बटणं उचलायची आणि शेवटी लाल बटण दादाच्या खिशात जायचं. स्टुलावर उभी राहून ती भांडी घासायची. निम्मं पाणी भांड्यांवर, निम्मं फरशीवर. ती झोपली की वहिनी तीच भांडी पुन्हा घासायची आणि फरशी पुसायची. म्हणजे एवढा खटाटोप करून वहिनीचं काम दुप्पट झालं होतं, आणि दादा चहाचा कप घेऊन “मुलांना शिस्त हवी” असं म्हणत बसला होता. त्या दिवसांत माझी कात्री त्याच्यापासून लांब ठेवलेली बरी होती.

एका दुपारी मी शाळेच्या गणवेशाच्या स्कर्टला चुण्या घालत होते. पिपाणी माझ्या टेबलाखाली बटणं मांडून स्वतःशीच खेळत होती, उजवा हात विरुद्ध डावा हात. डावा हात म्हणजे पप्पा. डाव्या हाताला ती अधूनमधून चापट मारत होती, त्यामुळे खेळ जरा लांबला.

“आत्या,” ती एकदम म्हणाली, “चार उरली आणि पाळी पप्पांची असली, की पप्पा मेले.”

“असं का?”

“बघ ना. पप्पांनी एक घेतलं तर मी तीन घेणार. दोन घेतली तर मी दोन. तीन घेतली तर मी लाल. हे डबकं आहे. कुठूनही पाय टाका, भिजणारच.”

मी चुणी धरून खाली वाकले आणि पाहिलं. खरंच होतं.

“आणि याच्या मागे अजून डबकी आहेत,” ती हळूच म्हणाली. “ती कुठे आहेत ते सांगणार नाही. तू पप्पांना सांगशील.”

“मी कशाला सांगू?”

“तरी नाही. आणि चारचंही सांगायचं नाही. कात्रीची शपथ घे.”

मी कात्रीवर हात ठेवून शपथ घेतली. संध्याकाळपर्यंत बारा स्कर्ट द्यायचे होते, मागची डबकी विचारायला वेळ कुणाला होता?

त्या संध्याकाळी टेबलावर नऊ बटणं उरली आणि पाळी पिपाणीची आली. रोजची तीन सोडून तिने नखाने एकच बटण बाजूला सरकवलं. दादाने ऐटीत तीन उचलली. तिने पुन्हा एक उचललं. उरली चार. दादाचा हात बटणांवर आला आणि तिथेच तरंगत राहिला. मला आतून हसू फुटत होतं म्हणून मी सुईत दोरा ओवायला घेतला, तोही जाईना. दादाने दोन उचलली, पिपाणीने दोन, त्यात लाल. मग तिने हात उंचावून खोलीला एक फेरी मारली. ती कुणाकडून शिकली ते सांगायला नकोच.

“आज दिवसभर लिफ्ट अडकली होती,” माझा एप्रन बांधत दादा म्हणाला. “डोकं ठिकाणावर नाही.”

दुसऱ्या दिवशी लिफ्ट सुरळीत होती, तरी तो हरला. तिसऱ्या दिवशी दिव्याचा उजेड डोळ्यांवर येत होता. मग खुर्ची बदलली. मग त्याने लाल बटण नाकाशी धरून तपासलं आणि मला विचारलं की हे कुठल्या कोटाचं, त्या कोटवाल्याचं पुढे काय झालं. कोटवाला ठणठणीत होता, भांडी मात्र दादाच घासत होता.

आता कुणी शहाणा माणूस असता तर त्याने बसून विचार केला असता. आमच्या दादाने नियम बदलला. “उद्यापासून एका वेळी चारपर्यंत उचलायची,” त्याने जाहीर केलं, “तीनमध्ये काही मजा नाही.”

पिपाणीचा चेहरा क्षणभर पडला. मग ती म्हणाली, “थांबा, माझं आत्याच्या खोलीत काम आहे.” ती बटणांचा डबा घेऊन टेबलाखाली गेली, डाव्या हाताला दोन-तीन चापट्या बसल्याचा आवाज आला, आणि ती परत आली ती गालात हसत. दादाने चारपर्यंत उचलायच्या नियमानेही भांडी घासली. पुढच्या आठवड्यात त्याने पाचपर्यंतचा नियम काढला. त्यानंतर सहापर्यंत. प्रत्येक नव्या नियमाला पिपाणी आधी टेबलाखाली जायची, आणि दर वेळी तिला तिथे कमी वेळ लागायचा. शेवटी शेवटी तर ती नुसती डोळे मिटून ओठ हलवायची आणि म्हणायची, “चला.”

दादाचे हात साबणाने पांढरे पडले. वहिनी रोज संध्याकाळी पाय पसरून मासिक वाचायला लागली. तिला सगळं आधीच कळलं होतं की नाही, हे मी अजून विचारलेलं नाही. जिला रोज आयती घासलेली भांडी मिळतात, ती बाई उगाच कशाला तोंड उघडेल?

आणि या सगळ्या धामधुमीत आम्ही पाढे साफ विसरलो. चौघांतल्या एकालाही आठवण राहिली नाही. एका सकाळी वहिनीने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं आणि तिच्या हातातला ब्रेड तसाच राहिला.

“आज तोंडी आहे,” ती म्हणाली.

दादाने पिपाणीकडे पाहिलं. “पाढे झालेत ना?”

“कधी?” पिपाणीने विचारलं, आणि प्रश्न अगदी रास्त होता.

वहिनीला दुकान उघडायचं होतं, तेव्हा दादाने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि मी गळ्यातली मोजपट्टी न काढताच निघाले. रस्त्याने पाढे घोकून घ्यायचा दादाचा बेत होता, पण उशीर इतका झाला होता की आम्ही पळतच सुटलो आणि त्यालाच धाप लागली. पिपाणीच्या दप्तरातून हातमोज्यांची बोटं बाहेर डोकावत होती. शाळेच्या फाटकापाशी तिने ती आत कोंबली आणि माझा हात घट्ट धरला.

वर्गाचं दार उघडं होतं. पालकांसाठी बाहेर बाक होता, पण दादा त्यावर टेकलासुद्धा नाही, तो चौकट धरून उभा राहिला. बाईंना सर्दी झाली होती. त्यांच्या मागच्या भिंतीवर परीक्षेपुरता एक मोठा नकाशा टांगलेला होता, जरा तिरका.

“चारचा म्हण,” बाई नाक पुसत म्हणाल्या.

“चार एके चार,” पिपाणी म्हणाली, आणि कुलूप लागलं.

बाई थांबल्या. दुसऱ्या कुणी असत्या तर ओरडल्या असत्या, या बिचाऱ्या नुसत्या शिंकल्या. पिपाणीची मान खाली गेली. तिचा एक हात दप्तरात गेला आणि हातमोज्यांवर थांबला. दादाकडे पाहिलं तर हा माणूस, जो भांडी घासतानासुद्धा तोऱ्यात असतो, तो ओठ चावत उभा होता. त्या क्षणी त्याला कुणी सांगितलं असतं की जन्मभर भांडी घास, पण हिची शनिवारची सकाळ वाचेल, तर तो हो म्हणाला असता, याबद्दल मला शंका नाही.

“बरं, असू दे,” बाई म्हणाल्या. “निदान वाचून तरी दाखव, म्हणजे कुठे अडतंय ते कळेल.” त्यांनी उठून नकाशा बाजूला केला. मागे पाढ्यांचा तक्ता होता, ठळक, दारातूनही दिसेल असा. वर्षभर तो तिथेच होता, पण पिपाणीची जागा खिडकीजवळ, आणि पाढे सुरू झाले की ती मैदानाकडे बघायची.

आता तिने वर पाहिलं. चार, आठ, बारा, सोळा, वीस. तिचे डोळे चारच्या रकान्यावरून खाली गेले, मग पाचच्या, मग सहाच्या. आणि मग इतका वेळ बंद पडलेली पिपाणी वाजली. शेजारच्या वर्गातली मुलं दारात आली.

“ही माझी डबकी आहेत!”

तिने वळून दारात उभ्या असलेल्या दादाकडे पाहिलं. तिचं गुपित, जे तिने टेबलाखाली बसून, डाव्या हाताला चापट्या मारून शोधलं होतं, ते भर वर्गात भिंतीवर टांगलेलं, आणि शत्रू समोरच उभा. तिने एक उडी मारली आणि हात पसरून, पाय फाकवून तक्त्यासमोर उभी राहिली. गोलात उभी राहते तशीच.

“पप्पा, डोळे मिटा. आधी डोळे मिटा.”

दादाने डोळे मिटले.

“आत्या, तू सांगितलंस बाईंना?”

“मी कात्रीची शपथ घेतली होती,” मी म्हणाले. खरं तर मागची डबकी कुठे आहेत हे मला तोपर्यंत कुठे ठाऊक होतं?

बाईंनी रुमाल खाली घेतला. काय चाललंय हे त्यांना कळलं नसावं, पण कुठला दोरा ओढायचा ते बरोबर कळलं. “तू काय झाकून ठेवलं आहेस?” त्यांनी विचारलं. “मागे न बघता सांग.”

पिपाणीने दादाकडे संशयाने पाहिलं. मग तिने बाईंचा खांदा धरून त्यांना खाली वाकवलं आणि त्यांच्या कानात कुजबुजली. या मुलीला कुजबुजता येतं हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. बाई ऐकत होत्या आणि त्यांच्या भुवया वर वर जात होत्या. त्यांनी मधलेच काहीतरी प्रश्न विचारले, सहा आठी, पाच नव्वे. प्रत्येक वेळी पिपाणी क्षणभर ओठ हलवायची आणि कानात उत्तर द्यायची.

“सातचासुद्धा येतो की हिला,” बाई सरळ होत म्हणाल्या. “सातचा मी मागितलाही नव्हता. आणि आठचा?”

“तो नियम पप्पांनी अजून काढला नाही,” पिपाणी म्हणाली. तीनपर्यंत उचलायची तर डबकी चारच्या पाढ्यात, सहापर्यंत तर सातच्या, हे मला तिथे उभ्या उभ्या उमगलं.

बाईंनी वहीत बरोबरची खूण केली आणि दादाला विचारलं, “घरी कुठली पद्धत वापरता तुम्ही?”

“शिस्त,” दादा म्हणाला. त्याचे डोळे अजून मिटलेलेच होते.

परत येताना पिपाणीने हातमोजे घातले आणि वाटेतला प्रत्येक खांब अडवला. दादा मात्र बोटांवर काहीतरी मोजत मागून येत होता.

संध्याकाळी जेवणं झाली आणि तोच म्हणाला, “आज जुन्याच नियमाने खेळू. तीनपर्यंत.” खेळ सुरू झाला. अकरा बटणं उरली, पाळी दादाची. एव्हाना तक्ता मीही पाहिला होता, त्यामुळे एवढं मलाही कळत होतं की तीन उचलली तर आठ उरतील आणि पिपाणी डबक्यात. दादाचा हात तीन बटणांवर गेला. बोटं त्यांच्यावर टेकली. मग ती उठली, आणि त्याने एकच बटण घेतलं.

लहानपणापासून मी त्या गुडघ्याच्या भीतीने पट धरून बसत आलेय. माझा दादा आपणहून हरताना मी कधी पाहिला नव्हता.

पिपाणीने त्या एका बटणाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. “पप्पा, तुम्ही तक्ता बघितलात.”

“मी डोळे मिटले होते.”

“दोन्ही?”

दादा हातातलं बटण उलटसुलट करून बघायला लागला. “एक,” तो म्हणाला.

“मग आता तीन का नाही घेतली?”

“मला भांडी घासायला आवडतात.”

मासिकाच्या मागून वहिनीला ठसका लागला. पिपाणीने त्याच्या हातातलं बटण काढून ढिगात परत ठेवलं. “असं नाही चालणार,” ती म्हणाली. “नीट खेळा.”

दादाने तीन उचलली. आठ उरली. पिपाणीने दोन घेतली, त्याने दोन. तिने एक घेतलं, आणि त्याने लाल बटणासकट शेवटची तीन. तो हात उंचावून उठणार एवढ्यात थांबला आणि तिच्याकडे बघत राहिला. आम्ही सगळेच बघत राहिलो. मी सवयीने खिडकी लावून घेतली.

पिपाणी टेबलाकडे टक लावून बसली होती. मग तिने बटणं दोन्ही हातांनी पुढ्यात ओढली. “परत,” ती म्हणाली. “पण आता दोन ढीग करायचे. एक ढीग असला की तुम्हाला सगळं माहीत असतं. आणि आत्यालाही घेऊ या.”

तेव्हापासून भांडी मी घासते. मोरीपाशी उभी असते तेव्हा मागे त्या दोघांची डोकी टेबलावर एकत्र आलेली असतात, आणि डबकी कुठे आहेत हे मला दोघांपैकी कुणीही सांगत नाही. काल मी कढई घासत होते. नळ सोडलेला होता तरी तिचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता.

“पप्पा, आठचा नियम काढा ना.”